दारावरचा माणूस

केव्हा एकदा नंबर लागतो असं झालेले शिंपीकाका दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी एक आजी आणि नात मोबाइलवर वाकल्या होत्या. आपल्याला आत बोलावण्याआधी किल्ला जिंकायचाच, हा नातीचा हट्ट. आणि खेळायची पाळी नेमकी आजीची.

“आजी, पहारेकऱ्याला मार ना!”

“त्यानं माझं काय घोडं मारलंय?”

“अगं, शत्रू आहे तो!”

“शत्रू कसला? पोटासाठी उभा आहे बिचारा. तुझे आजोबा जन्मभर कारखान्याच्या दारावर असेच उभे होते.”

“मग आत कसं जायचं?”

“थांब जरा. तेही असेच ताठ उभे राहायचे आणि बघता बघता पेंगायचे.”

“आजी, पेंगला! खरंच पेंगला गं!”

“हळू बोल, उठेल. मी जाते पाय न वाजवता.”

शिंपीकाकांची मान लांब झाली.

“आणि हा कोण, खुर्चीत रेललेला?”

“पहारेकऱ्यांचा साहेब. ह्यालाही सोडायचं?”

“म्हणजे त्यांना रात्र रात्र उभं करणारा हाच?”

“हो.”

“गोळी कुठून सुटते गं?”

“शिंपीकाका, चला, तुमचा नंबर!” आतून हाक आली.

“थांबा हो जरा! मावशी, ते लाल बटण, दाबा!”