ही जागा रिकामी का झाली?

...नाही, पण मी म्हणतो, विचारायचंच कशाला? "नाही सर, काही नाही विचारायचं" एवढं म्हणालो असतो तर काय जीभ झडणार होती माझी? पण नाही! आमच्या मेहुण्यांनी बजावलं होतं ना! आमचे मेहुणे म्हणजे स्वतः वीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच खुर्चीत, पण मुलाखतीबद्दल बोलायला लागले की थांबतील तर शपथ! म्हणे, "भावजी, शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तिथे 'नाही' म्हणालात की खेळ खल्लास! आपणही त्यांना पारखतोय असं वाटलं पाहिजे!" आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात कोंबले.

आता तुम्हाला सांगतो, सात महिने घरी बसलेला माणूस कुणाला काय डोंबल पारखणार? सात महिने! बेल वाजली की दार मीच उघडायचं, दूध उतू गेलं की दोष माझाच! एक दिवस पोरगी शाळेचा फॉर्म घेऊन आली. "बाबा, वडिलांचा व्यवसाय... काय लिहू?" मी म्हटलं, "रिकामं सोड." तर म्हणते, "रिकामं सोडलं की बाई फॉर्म परत पाठवतात." त्याच दिवशी ठरवलं, मिळेल ती नोकरी घ्यायची, नखरे करायचे नाहीत.

तर गेलो. लोखंडी कपाटांचा कारखाना, जागा स्टोअरकीपरची. मुलाखतीची खोली एवढीशी आणि टेबल एवढं थोरलं, की आधी टेबल ठेवून मग भिंती बांधल्या असाव्यात. मला बसवलं पार आत, भिंतीला टेकून. माझ्या डावीकडे मालक, उजवीकडे फोरमन, म्हणजे मालकांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि समोर दारापाशी त्या दोघांची मोठी बहीण. सगळा कारखाना तिला ताई म्हणतो. म्हणजे मला पळून जायचं म्हटलं तरी आधी एका भावाला उठवायचं, मग ताईंना!

मुलाखत झाली झकास. ताईंनी फाइल मिटली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी चिठ्ठी काढली. प्रश्न पहिला. "ही जागा रिकामी का झाली?"

मी फक्त विचारलं हो!

मालक बघतायत छताकडे, फोरमन बघतायत स्वतःच्या नखांकडे. ताई पुटपुटल्या, "आधीचे सोडून गेले." मी म्हटलं, "का?" हा 'का' चिठ्ठीत नव्हता बरं का, हा माझ्या पदरचा!

तेवढ्यात मालक म्हणाले, "त्यांना विचारा, का गेला." म्हटलं, "कुणाला?" मालकांनी बोट दाखवलं, दोन हातांवर बसलेल्या सख्ख्या भावाकडे! मी आपला वळलो, "का गेला, असं विचारतायत." फोरमन म्हणाले, "त्यांना सांगा, तुमच्यामुळे गेला." मी पुन्हा डावीकडे, "तुमच्यामुळे गेला म्हणतायत." "त्यांना सांगा, निरोपांसाठी दिवसातनं चाळीस वेळा जिना चढायला लावल्यावर माणूस टिकेल का?" "जिना म्हणतायत..." "त्यांना सांगा, ऑफिस वरच्या मजल्यावर मी नाही नेलं!" आणि मी आपला डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... मान लचकायची वेळ आली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, सख्ख्या भावांचा सहा वर्षं अबोला! कारखाना एक, आणि सगळं बोलणं स्टोअरकीपरमार्फत! आणि भांडण कशावरून? इस्टेटीवरून? छे! कपाटाच्या हँडलवरून! थोरले म्हणायचे गोल, धाकटे म्हणायचे उभं. ताई म्हणाल्या, "वर्षाला तीन-तीन स्टोअरकीपर पळतात हो."

उठू म्हटलं तर उठणार कुठून? विषय बदलावा म्हणून चिठ्ठीतला पुढचा प्रश्न धडाधडा वाचला. "तुम्हाला स्वतःला इथे काम करताना सगळ्यात आनंद कधी झाला?"

धाकटे हळूच म्हणाले, "पहिलं कपाट केलं तेव्हा. दोघांनीच केलं होतं, शेडमध्ये." थोरले छताकडे बघतच म्हणाले, "एक पाय आखूड झाला होता त्याचा." "तूच कापलास तो!"

तू! ऐकलंत? सहा वर्षांनी, मध्ये माझी मान न वळवता, थेट 'तू'! मग काय विचारता! "तू मोजलंस चुकीचं!" "तू टेप उलटी धरलीस!" दोघं हसतायत, खोकतायत, माझ्या अंगावरून एकमेकांना टाळ्या देतायत, ताई पदराने डोळे पुसतायत. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. आणि ताई हात जोडून म्हणाल्या, "देवासारखे आलात हो! आता ही जागा भरायची गरजच उरली नाही!"

घ्या! आहे की नाही? समेट त्यांचा, घरी बसायचं मी! डोळ्यांपुढे तो फॉर्म आला, ती रिकामी ओळ आली, आणि तुम्हाला सांगतो, सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडातून गेलं, "मग आता... कपाटांना हँडल कुठलं बसवणार?"

मी फक्त विचारलं हो!

"गोल," थोरले म्हणाले. "उभं," धाकटे म्हणाले. "गोलच!" "हातात बसतं का ते?" "तुझ्या हाताचं मला सांगू नकोस!" आणि मग थोरल्यांनी सावकाश माझ्याकडे तोंड फिरवलं. "त्यांना सांगा..."

ताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रागावल्याही नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "सोमवारपासून या."

आठ महिने झाले. जिना तोच, मीच. गुडघे गेले. सोडू म्हटलं तर पोरीच्या फॉर्मवर आता 'स्टोअरकीपर' लिहिलंय, शाईने. आणि ही नोकरी कशी मिळवली ते कुणाला सांगायची सोय नाही. मेहुणे तर उलट छाती फुगवून फिरतात, "बघा, माझे प्रश्न!"

धाकट्यांचा खोकला परवापासून वाढलाय, रंगाच्या खात्यात उभं राहून राहून. वर थोरल्यांना ऐकू जातो. काल त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि म्हणाले, "त्याला सांगा, आजच्या आज डॉक्टरकडे जा म्हणावं. आणि मी सांगितलंय असं सांगा. मुद्दाम सांगा."

मी जिना उतरायला लागलो. एका वाक्याचं काम हो! एवढं बोललो की हे दोघं गळ्यात गळे घालणार, आणि मी घरी. प्रत्येक पायरीवर थांबलो. खाली गेलो. म्हटलं, "आजच्या आज डॉक्टरकडे जा असा निरोप आहे."

त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. इतक्या आशेने बघितलं माझ्याकडे! म्हणाले, "कुणी सांगितलं?"

आता मी काय करणार होतो, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, "ताईंनी."