मे महिन्यातला स्वेटर

अवं, माहा स्वेटर दरसाली होळीलेच पुरा होते, म्हणून यंदा मी मे महिन्यातच विणाच्या सलाया काढून विणाले घेतला. परवा दुपारी लाइट गेली होती. तरी मी यांले म्हटलं, "जरा घालून दाखवा, माप पाहाचं आहे." बिचाऱ्यांनी घातला. तेवढ्यात शेजारची दीदी आली. घामानं भिजलेला माणूस लोकरीच्या स्वेटरात पाहून ती घाबरलीच.

"भैया को ठंड लगकर बुखार आया है क्या?"

मी काही सांगाच्या आत तिनं पळत जाऊन घरची रजई आणली अन् यांच्या अंगावर टाकली. मी म्हटलं, "अहो, खरं सांगा ना तिले!"

हे रजईतूनच कण्हले, "हव दीदी, बहुत बुखार है. इसको बोलो, दिवाली तक सलाई को हाथ न लगाए."