आत गेलं, का बाहेरच राहिलं?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय तातेराव दादा, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, महिला मंडळाच्या भगिनी, हसनाबादचे माझे सगळे लहानथोर, आणि जिच्या सत्कारासाठी आपण या विहारात जमलो ती माझी भाची साक्षी, सर्वांना माझा जय भीम.

मी साक्षीची आत्या, शालू. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं आवाज मोठा आणि जीभ तिखट. माझ्या भावानं, साक्षीच्या बापानं, रामकिसननं, सकाळी हात जोडून सांगितलं, "अक्का, आज फक्त कौतुक कर." कौतुकच करणार आहे. पण मागच्या बॅनरवर 'डॉ. साक्षी' लिहिलंय, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार न्हाई.

ही पोरगी पुण्यात एवढी वर्षं करत काय होती? शेजारणींनी विचारलं की हिची आई गिरिजाबाई सांगायची, "पावाच्या यीस्टवर कायतरी करून राह्यली." बराबर आहे. यीस्टच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेत आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. तिथं ऊर्जा तयार होते. पण तिथं लागणारी बहुतेक प्रथिनं तयार होतात बाहेर. मंग ती आत जातात कशी? भोवती तर दोन पडदे, एकात एक! सुईत दोरा ओवावा तसं प्रथिन उलगडून, टोकाकडून, आधी एका दारातून आणि मंग दुसऱ्या दारातून ओढलं जातं. पुष्कळांच्या टोकाला पत्ता असतो, आत पोचल्यावर तो कापला जातो. साक्षीच्या प्रथिनाला असा पत्ताच नव्हता. तरी ते आत जातं, असं हिचं म्हणणं.

सिद्ध कसं करायचं? डोळ्यांनी थोडंच दिसतं! प्रथिन आणि मायटोकॉन्ड्रिया एकत्र ठेवायच्या आणि मंग प्रथिनं खाणारं विकर, म्हणजे एन्झाइम, टाकायचं. बाहेर राहिलं ते खाल्लं जाईल, आत गेलं ते पडद्याआड वाचेल. हिचं वाचलं. पण तेवढ्यानं भागत न्हाई. पडदे फोडून पुन्हा तेच करायचं. आता आडोसा न्हाई, आता ते खाल्लं गेलंच पाहिजे. तरीही वाचलं तर काय समजायचं? ते आत गेलंच नसेल, बाहेरच विकराला खाता येऊ नये असा घट्ट गोळा होऊन बसलं असेल.

पहिल्यांदा सगळं बिलकुल ठीक आलं. प्रबंध झाला. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी हिनं नव्यानं बनवलेलं प्रथिन घेऊन तोच प्रयोग पुन्हा लावला. अगं बाई, कशाला लावलास? मी पण हेच विचारलं. म्हणाली, "आत्या, उद्या कुणी विचारलं तर छातीठोक सांगता यावं म्हणून." आणि पडदे फोडल्यावरही ते प्रथिन जसंच्या तसं वाचलं.

मार्गदर्शक म्हणाले, एखादा प्रयोग फसतो, आधी डिग्री घे, मंग बघू. दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न संपले. परीक्षकांनी सवयीनं विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" 'नाही सर' म्हटलं असतं तर ही त्याच घडीला डॉक्टर होती! इकडं रामकिसननं पेढे आणून ठेवलेले, या सत्काराच्या पत्रिका वाटलेल्या. हे सगळं हिला माहीत होतं. तरी ही म्हणाली, "हो सर, आहे," आणि सगळं सांगून टाकलं.

डिग्री थांबली. तो भाग पुन्हा करायचा, परीक्षाही पुन्हा. आपली साक्षी अजून डॉक्टर झालेली न्हाई.

तातेराव दादा, शाल हातातच राहिली तुमच्या!

आत्ता आपण सगळ्यांनी इथं पंचशील म्हटलं. चौथं शील आलं, खोटं बोलणार न्हाई म्हणण्याचं, तेव्हा ही पोरगी ओठ मिटून उभी होती. मी शेजारीच होते. बसताना हळूच विचारलं, "सांगू का सगळ्यांना?" तिनं मान डोलावली. म्हणून बोलले, भावाचा शब्द मोडून बोलले.

आता पुढं काय निघेल? मला माहीत न्हाई, तिलाही न्हाई. कदाचित एवढ्या वर्षांचं म्हणणं चूक निघेल. मला भीती वाटते, लपवू कशाला? उद्या सकाळी ती पुण्याला चाललीय. तेव्हा मंडळी, आजचा हा सत्कार न्हाई, निरोप आहे. पोरीला तोंड पाडून पाठवू नका, एवढंच मागते.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, सगळ्यांचे उपकार. मास्तरणीची जीभ आहे, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि...

रामकिसन, तू का उठलास? अरे, असा निघून जाऊ नकोस, भावा. माझ्यावर राग काढ, तिच्यावर नको. काय? जरा मोठ्यानं बोल.

मंडळी, तो विचारून राह्यला, सकाळची गाडी कितीची आहे. म्हणतोय, "पोरगी तिथं परीक्षेला एकटी उभी होती. या खेपेला मी दाराशी बसतो."