तिसरं माप

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात स्टीलच्या डब्याचं झाकण खणकन फरशीवर पडलं. आपल्या नंबराची वाट पाहणारी गरोदर बाई दचकली. शेजारच्या बाकावर पाच आठवड्यांचं बाळ घेतलेली आई, तिची सासू आणि चार वर्षांची थोरली लेक बसली होती.

“दोन घास खा गं. सकाळपासून उपाशी आहेस,” सासू सुनेला म्हणाली.

“आई, बाळाच्या पोटातलं ते माप वाढलंय. मागे दोनदा तीन सेंटीमीटर होतं, आज साडेतीन. मी पडद्यावर पाहिलं.”

“पडदा बघून डॉक्टरीण झालीस होय!”

“डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं ना? मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत रक्त साकळलं असेल, तर हळूहळू विरघळेल. नाही विरघळलं, तर गाठ समजायची.”

“एवढासा जीव, त्याच्या पोटात गाठ मावेल तरी कुठे? उगाच वाईट चिंतू नकोस.”

“दर वेळी त्या माप मोठ्यानं सांगायच्या. आज मनातच मोजलं. आणि बाळाच्या पोटावरचं जेल पुसायला मला कापूस दिला नाही, स्वतःच पुसलं. किती हळू पुसलं, आई!”

“मायाळू आहे बिचारी.”

“याआधी नव्हत्या हो.”

सासूने डब्याचं झाकण लावलं.

दार उघडून नर्स म्हणाली, “ताई, बाळाला घेऊन पुन्हा आत या. मोठे डॉक्टर आलेत.”

आई उठली, तशी लेकीने तिची ओढणी धरली.

“मी आजीजवळ शहाण्यासारखी बसते. पण येताना तू बाळाला परत आणशील ना?”