थोरलीचा टाक

सुचिता : थांबा, पूनम. प्रश्न मी प्राचीला विचारला, आणि उत्तरं तुम्हीच देताय.

पूनम : ते बोलतच नाही ना ताई, म्हणून. घरी बी अशीच. जेवायले बसली का दोन घास खाते न् ताट सरकवते. शाळेतल्या बाईनं निरोप धाडला, पोरगी बाकावर डोकं टेकून बसते, खेळाच्या तासाले बी उठत नाही. त्याईनंच सांगतलं, लोणारच्या दवाखान्यात लेकराईच्या मनाचं पाहणाऱ्या ताई बसते म्हणून. तं दुसरबीडवरून घेऊन आली. आंधी अशी नव्हती म्हणे. मी लग्न होऊन आली तवापासून अशी झाली. आता लोकं काय म्हणतीन ते तुमाले मालूमच हाय.

सुचिता : काय म्हणतात?

पूनम : सावत्र हाय, छळत असन.

सुचिता : छळता?

पूनम : देवाशप्पत नाही! तिच्या डोक्याले तेल मी लावते, येण्या मी घालते. पण भेव वाटते ताई. दुपारी माहा डोळा लागला का हे येऊन माह्या गळ्याले हात लावते. परवा दचकून उठली, तं हिचं बोट इथं. ह्या टाकावर.

सुचिता : प्राचीच्या आईचा टाक?

पूनम : हाव. वैष्णवीबाईचा. दुसरी आली का वारलेल्या पहिलीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालाच लागते ना आमच्यात. थोरलीचा मान हाय तो. सासूबाईनं लग्नाच्या दिवशीच घालून देल्ला. मी कदी काढत नाही, आंगोळीच्या वक्ती बी नाही.

सुचिता : तुम्ही जरा बाहेर त्या कडुनिंबाखाली बसाल का? मुलांशी मी एकटीच बोलते. सगळ्यांशीच.

पूनम : बसते. पण ते नाही बोलनार.

(पूनम बाहेर जाते. दार लागेपर्यंत प्राची तिच्या गळ्याकडे पाहत राहते.)

प्राची : तिथं आयकू जाते का?

सुचिता : तुझ्या नव्या आईला? नाही.

प्राची : पूनममायले नाही. टाकाले.

सुचिता : दार घट्ट लावलंय. इथलं कोणालाच ऐकू जात नाही. टाकात कोण आहे, प्राची?

प्राची : आई. आजीनं सांगतलं, तुही माय आता ह्याच्यात राहते, तिथून सगळं पाहून राह्यली.

सुचिता : म्हणून दुपारी हात लावतेस?

प्राची : हाव. पूनममाय झोपली का हळूच सांगते आईले. शाळेतलं.

सुचिता : आणि जेवण का जात नाही?

प्राची : पूनममायच्या हातचं गोड लागलं तं आईले वाईट वाटन ना.

सुचिता : वाईट वाटतं हे तुला कसं कळलं?

प्राची : आमच्या म्हशीच्या वगारीनं पूनममायचा पदर चघळला. आमी दोघी बी हासलो. लय हासलो. तं टाक हालला. असा, थरथर. आई रडत व्हती.

सुचिता : मग?

प्राची : मंग मी हासनं सोडलं.

सुचिता : आता दिवसभर मन कसं असतं?

प्राची : ओल्या गोधडीवानी. उचलतच नाही.

सुचिता : एक विचारते. हे मी सगळ्याच मुलांना विचारते. कधी असं वाटतं का, की आपण मरून जावं?

प्राची : वाटलं व्हतं. पोळ्याच्या वक्ती. मंग आजीले इचारलं, मी मेली तं माहा टाक करतीन का? आजी म्हणे, लेकराचा नसते करत.

सुचिता : मग?

प्राची : टाक नाही तं आईपाशी कशी जाईन? म्हणून राह्यली.

सुचिता : सांगितलंस, फार बरं केलंस. पुन्हा तसं वाटलं तर लगेच कोणाला सांगशील?

प्राची : कोणाले सांगू? घरात सगळं आई आयकते.

सुचिता : मरायचं तेवढं तर मला पूनममायला सांगावंच लागेल, बाळा. बाकीचं तू म्हणशील तरच सांगेन.

प्राची : तुमी सांगा सगळं. मी नाही सांगनार.

सुचिता : पूनम, या आत. बसा. ही तुमच्यावर रागावलेली नाही. तुमच्याजवळ हसायला घाबरते. तुम्ही दोघी हसलात तेव्हा टाक हलला, तर तिला वाटलं आई रडतेय. आणि मरणाचंही एकदा मनात येऊन गेलंय तिच्या. तिला एकटी सोडू नका.

पूनम : अवं माय... टाक कायचा हालते वं? हासून हासून माहा ऊर हालत व्हता.

सुचिता : पुढच्या आठवड्यात सासूबाईंना आणि हिच्या वडलांना घेऊन या. मोठ्या डॉक्टरांनाही दाखवू. टाक काढा असं मी म्हणणार नाही.

पूनम : मी काढनार बी नाही. पण खरं सांगू का ताई, मले बी त्या बाईचं भेव वाटते. रोज आंगोळ झाली का टाकाले हात लावून म्हणते, थोरले, मी तुही जागा घ्याले नाही आली. तुह्या लेकीले माह्यासंगं हासू दे.

प्राची : मंग ते काय म्हणते?

पूनम : काहीच नाही म्हणत वं बाई.

प्राची : मले बी काहीच नाही म्हणत.