बर्फाखालच्या बाटल्या

उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावच्या दुकानात एकच रांग. माझ्या पुढे नुवालिंगा आणि तिचा धाकटा भाऊ किल्लाक.

“ताई, चिडणार नसशील तर एक सांगू?”

“चिडणारच. बोल.”

“वरून काय पडतं ते धरायला तू ज्या भोकातून बर्फाखाली बाटल्या सोडल्यास ना, तिथं एक सील श्वास घ्यायला येतो. बरेच दिवस झाले.”

“आणि हे आज सांगतोस?”

“शिकारी आपली जागा सांगतो होय कुणाला? मला हवा होता तो.”

“अरे गाढवा, तो तिथंच हगतो! म्हणून पाण्यात अमोनिया चढला, म्हणून बाटल्या भरल्या. मला वाटलं, बर्फातलं शेवाळ यंदा भरभरून तळाला पडतंय.”

“पडतही असेल.”

“असेल म्हणून चालत नाही. आज सभेत जहाजवाल्यांना हेच आकडे दाखवणार होते. इथले शिंपले त्या शेवाळावर जगतात, बर्फ फोडत जहाज नेऊ नका, म्हणून.”

“मग दाखव की. सील थोडाच सभेला येतोय!”

“गप्प बस.”

“जहाज आलं तर शिकारीला जायचं कुठून, ताई?”

“माहितेय मला.”

“सरका हो पुढे,” मी म्हटलं. कुणीच सरकलं नाही.

“किल्लाक, तुझं ड्रिल गाडीवर आहे?”

“आहे. का?”

“नवं भोक पाडू, लांब. सभेत सांगते, जुने आकडे धरू नका.”

“आणि नव्या बाटल्यांत काही पडलंच नाही तर?”

“तर तेही सांगेन. ठेव तो चहाचा पुडा परत. चल.”