मासा जेवला

तुम्हाला हसू येईल, पण मागच्या वर्षी मी एका माशाच्या जेवणापायी हवालदिल झालो होतो. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची माशांची टाकी माझ्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहिली. त्यातल्या चोचीसारख्या तोंडाच्या एका पट्टेरी माशानं खाणंच सोडलं. पोट पार आत गेलं. दुकानातलं खाद्य झालं, बारीक चिरलेली कोळंबी झाली, तो कशाला म्हणून तोंड लावेना.

शेवटी बाजारातल्या कोळणीला विचारलं. ती म्हणाली, "सोलून नका देऊ, भाऊ. ह्या तिसऱ्या न्या, एकेक अर्धी उघडा नि शिंपल्यासकट ठेवा. चोच हाय ना त्याला? टोचून खाईल."

तीन दिवस तो नुसता शिंपल्याभोवती फिरला. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं चोच आत घातली आणि मांस ओढून काढलं! मी एकटाच टाळ्या वाजवत उभा. लगेच मुलीला फोन लावला.

"खाल्लं गं त्यानं!"

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलते."

आता सांगायचं कुणाला? पायात चपला सरकवल्या आणि थेट बाजार गाठला.

"मावशी, जेवला!"

ती शेजारणीला ओरडून म्हणाली, "अगो, यांचा मासा जेवला!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तुमी? तुमी जेवलात का नाय?"

हे मला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. घरी कुकरसुद्धा लावलेला नव्हता.